ओल्या वेताचा आवाज

आमच्या परळच्या खोलीत दारापासून मोरीपर्यंत खुर्च्याच खुर्च्या असायच्या, आणि बसायला त्यांतली एकही कामाची नसायची. सगळ्यांच्या बैठका फाटलेल्या. पाहुणा आला की खुर्च्यांच्या पायांमधून वाट काढत आत यायचा आणि चटईवर बसायचा. बाबा वेताच्या खुर्च्या विणायचे. चाळीतल्या बाकीच्या घरांचा दिवस गिरणीच्या भोंग्यावर चालायचा, आमचा नळाच्या पाण्यावर. पाणी आलं की पहिली बादली वेताला, मग पिण्याला, मग उरलं तर अंघोळीला. आई वेताच्या पट्ट्यांची भेंडोळी पत्र्याच्या टबात सोडायची आणि वर पाटा ठेवायची, म्हणजे ती तरंगून वर येत नसत. तिला मी आये म्हणायचे. भिजलेल्या वेताला ओल्या गवताचा, थोडा आंबूस वास येतो. तो आमच्या कपड्यांना, केसांना, गोधड्यांना लागलेला असे. शाळेत माझ्या शेजारी बसणाऱ्या मुलीनं एकदा विचारलं, तुमच्याकडे गुरं आहेत का गं? मी हो म्हणून टाकलं. खुर्च्यांचं सगळं समजावत बसण्यापेक्षा ते सोपं होतं.

खुर्ची विणायला फार काही लागत नाही. एक आरी, पातळ पात्याची सुरी, हातोडी, मूठभर लाकडी खुंट्या आणि पाणी. बैठकीच्या चौकटीला कडेनं भोकं पाडलेली असतात. जुना वेत कापून काढायचा, भोकांत अडकलेले तुकडे आरीनं ठोकून पाडायचे, मग नवी पट्टी एका भोकातून वर काढून समोरच्या भोकात घालायची आणि ती निसटू नये म्हणून खुंटी मारायची. आधी उभ्या पट्ट्या, त्यांवर आडव्या, पुन्हा उभ्या, पुन्हा आडव्या. इथवर कुणालाही जमतं. खरी कसोटी तिरप्या पट्ट्यांची. तिरपी पट्टी एका जोडीच्या वरून आणि दुसरीच्या खालून, अशी पार टोकापर्यंत गेली पाहिजे. मध्ये कुठे चुकली तर लगेच काही कळत नाही. खुर्ची दिसते छान, बसताही येतं. पण चुकलेल्या जागी पट्टी घासत राहते आणि काही महिन्यांत तुटते. आणि चूक काढायची तर त्याच दिवशी, वेत ओला असताना. वाळला की तो असा ताणून बसतो की एक पट्टी ओढायला जावं तर ती मोडते आणि शेजारचीलाही घेऊन जाते. हे मी आज कुणाला सांगितलं तर लोक कौतुकानं ऐकतात आणि मग प्लॅस्टिकच्या खुर्चीत नीट सावरून बसतात. मीही तशाच खुर्चीत बसून हे लिहिते आहे, त्यामुळे तक्रार करायला जागा नाही.

बाबा डावखुरे होते. गावाकडे, मालवणच्या बाजूला, लहानपणी त्यासाठी त्यांनी मार खाल्ला होता. जेवायला आणि आरतीला उजवा हात आला, पण आरी काही त्या हाताला आली नाही. गिरगावात एका फर्निचरवाल्याच्या कारखान्यात ते शिकले, तिथे त्यांना सगळे डावरा म्हणत. नाटकगृहांच्या खुर्च्या, दवाखान्यांच्या खुर्च्या, वकिलांच्या गोल पाठीच्या खुर्च्या त्यांनी विणल्या. पुढे स्वतःचं काम घरी आणलं. आमच्याकडे येणारं सगळ्यात मोठं काम दादरच्या एका वाचनालयाचं. तिथले कारकून सबनीस स्वतः हातगाडीबरोबर चालत यायचे आणि खुर्च्या उतरवताना हमालाला इतके जपून, इतके जपून म्हणत की हमाल वैतागायचा. सबनीस बाबांना नावानं हाक मारत नसत, ‘कारागीर’ म्हणत. बाबांना ते फार आवडायचं. सबनीस गेले की उगाच आयेला विचारत, काय म्हणालो तो?

बाबांच्या डोळ्यांचं कधी सुरू झालं ते सांगता येत नाही, कारण आम्ही त्यावर हसायचो. ते दाराच्या चौकटीला धडकायचे, गॅलरीत कुणाच्या तांब्याला पाय लावायचे. आये म्हणायची, चलताना लक्ष खंय असता तुमचा? समोरचं त्यांना नीट दिसायचं. सुईत दोरा ओवायचे. म्हणून कुणाला शंका आली नाही. शेवटी जिन्यावर पडले तेव्हा आये त्यांना हॉस्पिटलात घेऊन गेली. काचबिंदू, डॉक्टर म्हणाला. कडेकडेनं दिसायचं बंद होत येतं आणि अखेर मधलंही जातं. गेलेलं परत येत नाही. बाहेर आल्यावर बाबा म्हणाले, डॉक्टर अजून पोरगो आसा, तेका काय कळता. त्या विषयावर ते पुन्हा बोलले नाहीत आणि पुन्हा हॉस्पिटलात गेले नाहीत. बारीक अक्षर वाचायचा कंटाळा येतो म्हणून पेपर वाचायचं काम तेवढं माझ्याकडे आलं.

आता त्यांच्यापुढे खुर्ची असली की त्यांना समोरचं भोक दिसायचं आणि खुर्ची दिसायची नाही. उभ्याआडव्या पट्ट्या हाताच्या सवयीनं बरोबर जायच्या. तिरप्यांना मात्र सगळी बैठक एका नजरेत लागते, तिथे ते चुकू लागले. पहिल्यांदा आयेच्या लक्षात आलं ते गणपतीच्या दिवसांत. बाबा दुपारी पेज जेवून खाली कोपऱ्यावरच्या हॉटेलात गेले होते. तिथे चहाच्या एका कपावर दोन तास संयुक्त महाराष्ट्राची चर्चा चाले, आणि बाबा ती कधी चुकवत नसत. आये खुर्ची उचलून बाजूला ठेवायला गेली आणि तशीच खाली बसली. मग तिनं चार तिरप्या पट्ट्या उपसल्या आणि पुन्हा घातल्या. तिला कुणी शिकवलं नव्हतं. इतकी वर्षं वेत भिजवून देता देता तिनं बघून ठेवलं होतं. बाबा परत यायच्या आत काम झालं. मला तिनं एवढंच सांगितलं, ह्या कोणाक सांगू नको, बाबांक तर नायच.

त्यानंतर ते रोजचंच झालं. बाबा हॉटेलात गेले की आम्ही दोघी त्यांचं सकाळचं काम तपासायचो, जे चुकलं असेल ते काढायचो, नव्यानं घालायचो. मी खुंट्या धरायचे, नंतर नंतर पट्ट्याही ओढू लागले. हळूहळू चुका वाढल्या. काही दिवशी आम्ही सगळ्याच तिरप्या पट्ट्या काढायचो. बाबांना काही कळत नव्हतं. उलट ते खुशीत असायचे, कारण सबनीसांनी येऊन बैठकीवरून तळवा फिरवून म्हटलं होतं, ‘कारागीर, तुमचा हात वयाबरोबर सुधारत चाललाय.’ त्या दिवशी बाबांनी स्वतः जाऊन सरंगा आणला. आयेनं त्याचं तिरफळ घातलेलं कालवण केलं, आणि बाबा जेवताना सारखे म्हणत होते, हात सुदारता म्हणे. आये त्यांच्या ताटात वाढत राहिली. मला हसू येत होतं आणि मी खाली मान घालून भात कालवत होते. असं किती दिवस चालेल, हा विचार मी तेव्हा केला नाही. आयेनं केला असेल. तिनं तो बोलून दाखवला नाही.

मग मुंबई महाराष्ट्राला मिळणार नाही असं जाहीर झालं आणि आमचा सगळा भाग पेटला. त्याबद्दल पुष्कळांनी पुष्कळ लिहिलं आहे. मला आठवतात ते आवाज. आधी गर्दीचा, दूरवरून भरत येणारा. मग शिट्या. मग पत्रा ठोकल्यासारखे आवाज, ते गोळ्यांचे, हे आम्हाला नंतर कळलं. समोरच्या चाळीतला एक मुलगा दूध आणायला गेला तो आला नाही. त्याची आई गॅलरीत उभी राहून त्याला नावानं हाका मारत होती आणि चाळीतलं कुणी तिला गप्प बस म्हणत नव्हतं. नंतर कर्फ्यू लागला आणि सगळंच थांबलं. भोंगा नाही, ट्राम नाही, फेरीवाला नाही. इतकी शांतता मी त्या घरात कधी ऐकली नव्हती. दारं लावून बसायचं. पीठ संपलं, मग आयेनं कुळथाची पिठी केली, मग तीही संपत आली आणि दोन्ही वेळा पेज, वर भाजलेल्या सुक्या बांगड्याचा तुकडा. भाजताना धूर व्हायचा आणि दार उघडायची सोय नाही, तेव्हा आम्ही तिघंही डोळे पुसत जेवायचो.

वाचनालयाच्या खुर्च्या त्याच वेळी घरात होत्या. बाबांना बाहेर जाता येईना, म्हणून ते दिवसभर विणत बसले. आयेची पंचाईत झाली. सकाळी घातलेल्या तिरप्या पट्ट्या दुपारपर्यंत काढल्या नाहीत तर वाळणार, आणि मग बैठक पुरती कापावी लागणार. तेवढा वेतही घरात नव्हता, आणि आणायचा तर दुकानं बंद. बाबा खोलीतच. तिनं एक युक्ती काढली. पेज जेवून बाबा भिंतीकडे तोंड करून जरा पडायचे, तेव्हा मी पेपर वाचायचा, आणि तिनं मोरीजवळ, रचलेल्या खुर्च्यांच्या आड बसून पट्ट्या बदलायच्या. ओली पट्टी भोकातून ओढली की सुर्र असा बारीक आवाज येतो. तो माझ्या वाचण्यात बुडायला हवा होता. पहिल्या दिवशी बुडाला. पण नवा पेपर कुठून येणार? कर्फ्यूच्या आदल्या सकाळचा एकच पेपर घरात होता, तोच मी दुसऱ्या दिवशीही हातात घेतला.

भाषणं वाचून झाली. बाजारभाव वाचले. केसांच्या तेलाची जाहिरात मी अशी वाचली जशी कुणी सभा गाजवावी. बाबा पडल्या पडल्या म्हणाले, ह्या तू काल वाचलंस. मी म्हटलं, पुन्हा वाचते. ते म्हणाले, मग मोठ्यान कित्याक वाचतस? बाहेर आवाज आहे म्हणून, असं मी सांगितलं, आणि सांगतानाच मला कळलं की बाहेर कसलाच आवाज नाही. मी गप्प झाले. आयेच्या हातातली पट्टी अर्धी भोकात होती. तिनं ती तिथेच धरून ठेवायला हवी होती, पण पट्टी ओली, ती आपल्या वजनानं सरकली.

सुर्र.

‘कोण विणता?’ बाबा म्हणाले.

बाबा उठून बसले. हा आवाज त्यांनी आयुष्यभर स्वतःच्या हाताखाली ऐकला होता. ते रागावले नव्हते, त्यांना खरोखरच कळत नव्हतं. त्यांनी पुन्हा विचारलं तेव्हा आये म्हणाली, मी. मग त्यांनी ती खुर्ची मागितली. आयेनं ती आणून त्यांच्यापुढे ठेवली. बाबांनी वरून हात फिरवला नाही. खुर्ची उलटी करून मांडीवर घेतली आणि खालच्या बाजूनं, जिथे पट्ट्यांच्या गाठी मारतात तिथे, अंगठा फिरवू लागले. वरची वीण आम्ही जीव ओतून जशीच्या तशी करायचो. खालच्या गाठी कोण बघतो, म्हणून आम्ही आमच्या उजव्या हातानं मारायचो. डावखुऱ्या माणसाची गाठ उलटीकडे वळते. त्यांचा अंगठा चालायचा, थांबायचा, पुन्हा चालायचा. मग त्यांनी दुसरी खुर्ची मागितली. मग तिसरी. तयार झालेल्या सगळ्या मी एकेक करून त्यांच्या मांडीवर दिल्या.

‘ह्यो हात माजो न्हय,’ ते म्हणाले. मग, ‘कदीपास्ना?’

‘गणपतीपास्ना.’

बाबांनी मनात मागे मोजलं असावं. वाचनालयात पोचवलेल्या खुर्च्या आठवल्या असाव्यात. त्यांनी विचारलं, त्यो सगळ्यो? आये म्हणाली, सगळ्यो नाय. त्यांनी विचारलं, मग माज्यो खंयच्यो? आयेला एकही सांगता आली नाही. मी तिच्याकडे बघत होते, मला वाटत होतं हिनं काहीतरी खोटं सांगावं, दाराजवळची, खिडकीजवळची, काहीही. पण ती दमली होती. गणपतीपासून ती दोन माणसांचं काम करत होती आणि एकाचंच करते असं दाखवत होती.

बाबांनी तिला आणखी एकच गोष्ट विचारली. ‘सबनीस माका हात सुदारता म्हणालो, तेवा तू हयच होतंस. तुका काय वाटलां?’

‘माका बरा वाटलां,’ आये म्हणाली.

ती खरं तेच बोलली, याबद्दल मला शंका नाही. बाबांचा चेहरा बघून तिला बरं वाटलं होतं की आपल्या हाताला कुणी चांगलं म्हटलं म्हणून, हे मात्र मी तिला शेवटपर्यंत विचारलं नाही. दोन्हीही असेल. त्यात वाईट काय? एवढं काम करून एका शब्दाचाही तिला आनंद होऊ नये? पण बाबांनी ते कसं ऐकलं ते त्यांच्या तोंडावर दिसलं, आणि तसं तोंड मी त्यानंतर फक्त हॉस्पिटलात, माणसं मरताना पाहिलं. त्यांनी खुर्ची सुलटी करून बाजूला ठेवली. भिंतीकडे तोंड करून पुन्हा पडले. आये त्यांच्या पाठीशी बसून म्हणाली की मी सांगितलं असतं तर तुम्ही काम सोडलं असतं.

पुढचे दिवस मला नीट सांगता येणार नाहीत, कारण त्यांत काही घडलंच नाही. बाबा पडून राहायचे. पेज समोर ठेवली तर दोन घोट घ्यायचे. आये आणि मी राहिलेल्या खुर्च्या विणायचो, आता उघड उघड, खोलीच्या मध्यभागी बसून. पेपर वाचायची गरज नव्हती. दिवसभर त्या खोलीत तोच आवाज, सुर्र, आणि मधे खुंटीवर हातोडी, आणि बाबा दोन हातांवर. मला तो आवाज नकोसा झाला. मी पट्टी हळू ओढून बघायचे, पण हळू ओढली तर तो लांबतो. मी तेव्हा देवाला म्हटलं होतं की बाहेर पुन्हा दंगा होऊ दे, काहीतरी मोठा आवाज होऊ दे. समोरच्या चाळीतल्या त्या बाईचा मुलगा परत आला नव्हता, हे माहीत असून म्हटलं होतं.

पुष्कळ वर्षांनी मला कळलं की अंध मुलांच्या एका संस्थेत वेतकाम शिकवतात. ती मुलं नुसत्या बोटांनी विणतात, तिरप्या पट्ट्यांसकट, आणि चुकत नाहीत. मी मुद्दाम बघायला गेले. एक मुलगा मान वर करून, आढ्याकडे तोंड करून गाणं गुणगुणत विणत होता. म्हणजे बाबांना जमलं असतं. डोळ्यांवर विसंबायचं सोडलं असतं तर त्या बोटांना काय कठीण होतं? पण त्यासाठी आधी दिसत नाही असं म्हणावं लागलं असतं, आणि ते त्यांना कुणी म्हणू दिलं नाही. त्यांनी स्वतःला म्हणू दिलं नाही, आणि आम्ही इतकं छान सांभाळून घेतलं की त्यांच्यावर तशी वेळच आली नाही. मी तिथून बाहेर पडले आणि बसस्टॉपवर उभी राहून रडले. लोक बघत होते. बघू देत.

कर्फ्यू उठला. ट्राम सुरू झाली, भोंगा वाजला, आणि सबनीस हातगाडी घेऊन आले. खालून त्यांचा आवाज आला, हमालाला जपून जपून म्हणणारा. आयेनं पदरानं हात पुसले. तिनं ठरवलं होतं, मला सांगितलंही होतं, की आता सबनीसांना खरं काय ते सांगायचं, यापुढे काम मी करते, द्यायचं तर द्या. ते देतील अशी तिला आशा नव्हती. बाईमाणसाच्या हातात वाचनालयाच्या खुर्च्या कोण देणार? आणि हे काम गेलं की दुसरं नव्हतं. तरी ती गॅलरीत जायला निघाली. पावलं जिन्यावर आली तेव्हा बाबा उठून बसले. इतक्या दिवसांत ते पहिल्यांदा आपण होऊन उठले होते.

‘शालू,’ ते म्हणाले, ‘माजी आरी दी गो.’

मला इतका आनंद झाला की मी खुर्च्यांना धडकत गेले आणि आरी आणून त्यांच्या डाव्या हातात दिली. त्यांनी आयेला हाक मारून थांबवलं. चाचपडत एक खुर्ची पुढ्यात ओढली, पूर्ण विणून झालेली. शर्टाची गुंडी लावली, केसांवरून हात फिरवला. मग आरीचं टोक एका भोकावर टेकवलं. त्या भोकात पट्टी घालून, गाठ मारून, आयेनं कालच ते बुजवलं होतं.

‘दारातसून दिसतंय मां मी?’ त्यांनी मला विचारलं.

मी हो म्हटलं.

‘मग बोलव तेंका आत.’